एवढंसं भोक आणि इंग्रजी

इंग्रजीत लहानाला शब्द ढीगभर आहेत, पण टॉवेलवरच्या बारक्या भोकाबद्दल परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहायला बसलं की त्यातला एकही धड कामाला येत नाही. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हेच काम करते. चेकिंगचे मामा माल उजेडात धरून, भोकाशेजारी नख टेकवून सांगतात, "मॅडम, एवढंसं हाय की!" त्यांचं काम झालं. माझं तिथून सुरू होतं.

'टायनी' लिहिलं तर बारशाचं आमंत्रण वाटतं. 'मायक्रोस्कोपिक' ही सरळ थाप, कारण मामांकडे चष्मा आहे, सूक्ष्मदर्शक नाही. 'निग्लिजिबल' तर लिहूच नये. तो आकार नाही, निकाल आहे. दुर्लक्ष करायचं की नाही ते पैसे देणारा ठरवणार, आपण कोण?

'मायन्यूट' मला आवडतो, पण स्पेलिंग मिनिटाचंच, त्यामुळे ऑफिसात सगळे 'मिनिट होल' वाचतात. तशी ती दोघं सख्खीच. लॅटिनमध्ये तासाचा 'पहिला बारीक भाग' तो मिनिट, आणि 'दुसरा बारीक भाग' तो सेकंद. सेकंदाला सेकंद का म्हणतात, हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर! 'मिनस्क्यूल'चं नातं 'मिनी'शी नाही, 'मायनस'शी. म्हणून स्पेलिंगमध्ये मधे 'यू' येतो. भलेभले तिथे 'आय' घालतात.

गंमत म्हणजे 'टीनी', 'वी', 'लिटल' म्हणताना ओठ ताणून तोंड बारीक करावं लागतं. आपलं इवलंसं, चिमुकलं, चिटुकलंही तसंच. (मग 'बिग'चं काय, असं विचारू नका.)

शास्त्रज्ञांचं बरं, त्यांनी शब्दांना शून्यं बांधून टाकली. नॅनो म्हणजे ग्रीकमधला बुटका, एक अब्जांश. त्याहूनही बारीक फेम्टो आणि अ‍ॅटो चक्क डॅनिश भाषेतल्या पंधरा आणि अठरावरून आले, कारण दशांशचिन्हानंतरची घरं तेवढी. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अ‍ॅटोसेकंदाच्या प्रकाश-स्पंदांसाठीच मिळालं.

सूतवाल्यांनी हे केव्हाच ओळखलंय. सूत किती बारीक, ते काउंटवर कळतं: एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते मोजायचं. २० काउंट म्हणजे २० लडी. आकडा चढला की सूत बारीक. नव्या पोरांना हे उलटं वाटतं, पण विशेषणाची भानगडच नाही.

म्हणून मीही आता लिहिते: भोक २ मिलिमीटर, किनारीपासून ४ सेंटिमीटर, १ नग. सोबत फोटो. मामा शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणतात, मी स्टीलची पट्टी ठेवते. तिकडच्या माणसाला आपला रुपया केवढा असतो ते काय ठाऊक!