आमची वाटचाल : बेसिनच्या दगडाखालचं काम

2003 साली नाशिकच्या पंचवटीत भाड्याच्या शेडमध्ये दगड कापून बसवायच्या कामाला सुरुवात केली, तेव्हा जवळ एक चार इंची कटर, काटकोन बघायचा गुण्या, ओळंबा आणि पातळी बघायची पाण्याची नळी एवढंच होतं. आणि आमचे मिस्त्री, राजस्थानातल्या मकराण्याकडचे. त्यांनी पैसा घातला नव्हता, पण मी त्यांना भागीदारच म्हणतो. बेसिनसाठी दगड कापताना ते आधी चारही कोपऱ्यांना ड्रिलने गोल भोकं पाडायचे, मगच कटर लावायचे. कटर थेट काटकोनात नेला की तिथून केसासारखी चीर धरते, आणि ती दिसेपर्यंत दगड बसून वर्ष झालेलं असतं. लेझर लेव्हल आली, तरी ती नळी अजून दुकानात खिळ्याला टांगलेली आहे.

पुढची बारा-तेरा वर्षं ओटे आणि जिने करण्यात गेली. सांगायचं आहे ते 2016 चं.

एका बिल्डरकडे 36 बेसिन काउंटर मिळाले. पाच फूट बाय 22 इंच, 18 मिमीचा काळा ग्रॅनाइट. एकेक दगड 40 किलोच्या वर, त्यावर बेसिन, त्यावर रेलून तोंड धुणारा माणूस. कोटेशनमध्ये मी खालून आधाराला दोन-दोन उभे कडप्पे, म्हणजे कडप्पा दगडाच्या फरश्या, धरले होते. साइटवरून निरोप आला, कडप्पे नकोत, खाली मोकळं दिसलं पाहिजे, भिंतीतल्या धातूच्या अँगलवर बसवा. भिंत चार इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकची. त्यात साधा फासनर आवळायला गेलं की ब्लॉकचा भुगा होतो आणि फासनर नुसता फिरत राहतो. मी पदरचे पैसे घालून आरपार बोल्ट टाकले, मागून पट्ट्या दिल्या. असे 23 काउंटर झाले. वेळ लागतो म्हणून उरलेले 13 त्यांनी दुसऱ्या फिटरला दिले. त्याने माझेच दगड अराल्डाइट आणि सिलिकॉनवर चिकटवून दोन दिवसांत काम संपवलं.

त्या पावसाळ्यात सात काउंटर भिंतीपासून सुटले. एक तर बेसिनसकट खाली आला. दगड कोणाचा, तर आमचा. बिल अडलं ते सगळ्या 36 चं. धोका मी तोंडी सांगितला होता, लिहून दिला नव्हता. तुम्ही या धंद्यात असाल तर लिहून द्या, सही घ्या. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. पुढच्या जुलैत जीएसटी आला, ग्रॅनाइटला 28 टक्के. तो 18 वर येईपर्यंत आमच्याकडे दोनच माणसं उरली होती आणि घरातल्या पाटल्या मोडून झाल्या होत्या.

त्या दिवसांत कॉलेज रोडच्या बाईंचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापिका. 2005 साली त्यांच्याकडे काउंटर बसवला होता. गेलो तर बाईंनी टॉर्च हातात दिली, "खाली वाकून बघा." उभे कडप्पे जागच्या जागी होते, सांधा कोरडा होता, आणि पुढच्या कडेच्या पोटाला मिस्त्रींनी मारलेली खाच, ओघळ मागे न जाता तिथेच तुटून खाली पडावा म्हणून असते ती, अजून साफ होती. "मुलाच्या फ्लॅटची दोन्ही बाथरूम तुम्हीच करायची," म्हणाल्या, आणि पूर्ण रकमेचा चेक आगाऊ दिला. त्या चेकवर दुकान पुन्हा उभं राहिलं.

दगड निवडायला तुम्ही चार दुकानं फिरता, तसं एकदा फिटरला विचारा, वजन कशावर घेणार. बेसिनच्या पुढे तीन इंच तरी दगड ठेवायला लावा. अँगल एसएस 304 चाच, म्हणजे त्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचाच घ्या, लोखंडी अँगल बाथरूममध्ये गंजतो. संगमरवर असेल तर अ‍ॅसिडची बाटली घरातच आणू नका.

माझे 23 काउंटर आजही तिथे आहेत. त्यांचं बिल अजून यायचं आहे.