दोन मिनिटांची टेस्ट आणि तेरा महिने

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करायला गेले तेव्हा मला काहीच त्रास नव्हता हे आधीच सांगते, कारण ज्याला-त्याला पहिलं तेच विचारायचं असतं, अंगावरून जात होतं का, पोटात दुखत होतं का. नाही. वय ४३, पाळी वेळेवर, दोन्ही डिलिव्हऱ्या नॉर्मल, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, दिवसभर खुर्चीवर बसून कंबर धरते तेवढीच. बास.

झालं असं की आमच्या शेजारच्या अक्का (तेलुगू आहेत, पूर्व भागातनं जुळे सोलापूरला राहायला आल्या), त्यांची मोठी बहीण, सगळा जन्म विड्या वळण्यात गेला, पाळी जाऊन चार वर्षं झालेली आणि परत रक्त दिसायला लागलं. तिला वाटलं उष्णता असेल, सोलापूरच्या उन्हात काय पण होतं, म्हणून सहा महिने सब्जाचं पाणी पीत बसली. दाखवलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. रेडिएशन चालू होतं तेव्हा मी एकदा डबा घेऊन गेले होते. तिनं डबा उघडला, शेंगाचटणीचा वास घेतला आणि बंद करून ठेवला. मला ते झाकण लावणं काही केल्या विसरता येईना.

त्यावेळी गड्ड्याची यात्रा (आमच्या सिद्धेश्वराची, संक्रांतीची) नुकतीच संपली होती. म्हटलं आता जाऊन येऊच. सात रस्त्याकडच्या एका गायनॅक मॅडमकडे गेले आणि सांगितलं की पॅप स्मिअर करायची. त्या म्हणाल्या, करू की, पण वय ३० च्या पुढं आहे तर एचपीव्ही डीएनए टेस्ट जास्त चांगली, निगेटिव्ह आली तर पाच वर्षं बघायला नको. मी विचारलं फरक काय. पॅपमध्ये पेशी बिघडल्यात का ते बघतात, यात पेशी बिघडवणारा व्हायरसच आहे का ते बघतात. मी माझ्या डोक्यात असं बसवलं की तयार टॉवेलमधली खोट शोधणं वेगळं आणि माग चालू व्हायच्या आधी सूतच तपासणं वेगळं.

सरकारी दवाखान्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची वेगळी तपासणी असते, ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यानं बघतात, ती पण सांगितली त्यांनी. ती फुकट होते. मी २२०० रुपये भरले.

पण त्या दिवशी सॅम्पल झालंच नाही, कारण पाळीच्या तारखेचा हिशोब मीच चुकवलेला, दुसऱ्या दिवशी येणार म्हणता म्हणता तिथंच आली. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी या, आधी दोन दिवस संबंध नको, आत कुठलं क्रीम किंवा गोळी नको. अकाउंटवाली बाई आणि तारीख चुकली, आमचे हे अजून चिडवतात.

टेस्टचं म्हणाल तर दोन मिनिटं. खरंच दोन मिनिटं. टेबलावर झोपायचं, पाय वर, स्पेक्युलम म्हणून चिमट्यासारखं असतं ते घालतात, ते गार लागतं, मॅडमनी आधी गरम पाण्यात धरलं तरी गारच. मग एक बारका ब्रश गर्भाशयाच्या तोंडावर फिरवतात आणि तो औषधाच्या बाटलीत बुडवतात. ओढल्यासारखं झालं थोडं, दुखलं म्हणता येणार नाही. मी छताकडं बघत होते, पंख्याच्या पात्यावर किती धूळ बसलीय, तेवढ्यात "झालं, उठा" म्हणाल्या. आता स्वतःच सॅम्पल घ्यायचं किट पण येतं म्हणे, ज्यांना टेबलावर झोपायची लाज वाटते त्यांच्यासाठी, डब्ल्यूएचओची पण त्याला मान्यता आहे.

खरा वैताग लॅबच्या काउंटरवर. रिपोर्ट न्यायला गेले तर भरलेल्या हॉलमध्ये तो पोरगा खिडकीतनं ओरडला, "एचपीव्ही कुणाचं आहे? एचपीव्हीऽऽ!" बहुतेकांना तो शब्द माहीत नसणार, पण एकाला एचआयव्ही ऐकू आलं असणार हे त्याच्या मान वळवण्यावरनं कळलं. मी गप लिफाफा घेतला आणि सरळ स्कूटीवर बसले.

आणि लिफाफा सिग्नलला फोडला, आसरा चौकात. आजपर्यंत कळलं नाही मला घरी जायला काय झालं होतं. एचपीव्ही १६, डिटेक्टेड. एचपीव्ही १८, नॉट डिटेक्टेड. अदर हाय रिस्क, नॉट डिटेक्टेड. खाली पॉझिटिव्ह. मागनं रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि मला गाडी गियरची आहे का बिनगियरची तेच आठवेना.

मी रिपोर्ट कपाटात सोलापुरी चादरींच्या घडीत ठेवला, आहेरात आलेल्या, कुणी कधी काढत नाही त्या. चार दिवस कुणाला सांगितलं नाही. इंटरनेटवर वाचू नका म्हणतात, मी वाचलं. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून या कॅन्सरच्या ७० टक्क्यांच्या आसपास केसेसला जबाबदार असतात हे वाचलं आणि त्याच्या पुढची ओळ वाचलीच नाही, की ज्यांना इन्फेक्शन होतं त्यातल्या बहुतेकांचं शरीर वर्षा-दोन वर्षात ते आपोआप काढून टाकतं आणि उरलेल्यांत कॅन्सर व्हायलाही १५-२० वर्षं जातात. आणखी एक शब्द मात्र वाचला, लैंगिक संबंधातून पसरणारा. लग्नाला १९ वर्षं झालेली. आता सांगा, माणसाचं डोकं कुठं जाणार?

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं (सोलापूरकरांना सांगायला नको) आणि त्यावेळी पहाटे साडेचारला यायचं. तर पाण्याच्या दिवशी पहाटे गच्चीवर मी नळी धरून उभी आणि हे टाकीच्या झाकणाशी, अंधार, आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "तुम्ही कधी दुसऱ्या कुणाकडं गेला होता का?" ते काही बोलेनात. नळीचं पाणी टाकीच्या बाहेर पडायला लागलं तरी दोघंही तसेच. मग त्यांनी विचारलं, "काय झालंय ते सांगशील का आधी?" मग सगळं सांगितलं, रडले पण. त्यांनी खाली जाऊन कपाटातनं रिपोर्ट काढला, चष्मा लावला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "माझी पण टेस्ट करू."

दोघं मिळून मॅडमकडे गेलो. मॅडमना हा प्रश्न रोजचाच असणार. कुणाकडून आला आणि कधी आला हे या टेस्टवरनं सांगताच येत नाही म्हणाल्या, व्हायरस वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतो, लग्नाच्या आधीचा असू शकतो, नंतरचा असू शकतो, त्यांचा असू शकतो, तुमचा पण असू शकतो. ज्यांचे संबंध आलेत त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी हा होऊन जातो, कळतही नाही. आणि पुरुषांसाठी अशी रुटीन टेस्ट नाहीच. हे ऐकून आमचे हे जरा खट्टूच झाले, निर्दोष सुटायची संधी गेली ना.

१६ निघाल्यामुळं पॅपची वाट न बघता थेट कॉल्पोस्कोपी सांगितली, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतनं मोठं करून बघणं. दुसरा कुठला हाय रिस्क प्रकार असता तर आधी पॅप बघून ठरवलं असतं. मॅडम म्हणाल्या ते मला चांगलं लक्षात आहे, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, पॉझिटिव्ह म्हणजे तुमच्याकडे नीट बघायला कारण मिळालं.

कॉल्पोस्कोपीत दुर्बिणीसारखं मशीन बाहेरच असतं, आत जात नाही. समोर टीव्ही. मला विचारलं बघणार का, मी हो म्हटलं आणि स्वतःचं गर्भाशयाचं तोंड पहिल्यांदा बघितलं, गुलाबी, गोल, मधे बारकं छिद्र, दोन पोरं इथनं आली होय. मग ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावला. चायनीजच्या गाड्यावर असतो तसा व्हिनेगरचा वास अख्ख्या खोलीत. मिनिटभर थांबलो आणि डाव्या बाजूला एक पांढरा डाग हळूहळू वर आला, भाकरीवर पापुद्रा येतो तसा. नंतर आयोडीन लावलं तर सगळं काळपट तपकिरी झालं आणि तेवढा डाग पिवळा राहिला. तिथनं तुकडा घेऊ म्हणाल्या. "खोका." मी खोकले आणि तेवढ्यात चिमटा बसला, खोकल्याच्या नादात अर्धं दुखणं कळलंच नाही. पाळीत येते तशी एक कळ आली. मग रक्त थांबायला काहीतरी लेप लावला, त्यानं पुढं दोन-तीन दिवस कॉफीच्या चोथ्यासारखं काळं पडत होतं. हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी परत घाबरले असते. त्यानंतर काही दिवस जड उचलायचं नाही, संबंध नको, पॅड वापरा.

बायोप्सीचा रिपोर्ट येईस्तोवर अक्कांना सांगितलं. त्यांचं एकच, "पिशवीच काढून टाक की, कटकट नको." कारखान्यातल्या दोघींनी पण तेच सांगितलं. आपल्याकडं पिशवी म्हणजे बाजारची पिशवी झालीय, जुनी झाली की टाकून द्या.

सासूबाईंना सांगायचं नव्हतं पण घरात दोन खोल्या पलीकडचं फोनवरचं बोलणं त्यांना बरोबर ऐकू येतं. (टीव्ही मात्र मोठ्यानं लागतो.) त्यांचं माहेर उस्मानाबादकडचं, आताचं धाराशिव. चहा पिता पिता म्हणाल्या, "आमच्या भावजयीची केली होती ही तपासणी. बार्शीच्या कॅन्सर दवाखान्याची माणसं गाडी घेऊन गावात आली होती, घरोघरी बायकांची नावं लिहून नेली. वहिनी लाजून ज्वारीच्या रानात जाऊन बसली होती, शेवटी सरपंचाच्या बायकोनं धरून आणली." मला वाटलं म्हातारी काहीतरी कालवतेय. पण नंतर शोधलं तर खरंच की! २००० च्या आसपास टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला, काही गावांत एचपीव्ही, काही गावांत पॅप, काही गावांत ॲसिटिक ॲसिड, आणि काही गावांत काहीच तपासणी नाही. आठ वर्षांनी मोजलं तर एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. एकदाच केलेल्या टेस्टनं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, जगभर दाखला देतात त्याचा. आणि सोलापुरातनं दीड-दोन तासावर हे झालेलं असून मी ४३ वर्षांची होईपर्यंत एचपीव्ही हे नाव ऐकलं नव्हतं. त्या चौथ्या गटातल्या बायकांचं काय, हे मला काही गिळता येत नाही. त्यावर टीका पण झालीय बरीच.

सासूबाईंच्या भावजयीला कुठली तपासणी मिळाली होती देव जाणे. आता ७५ ची आहे, रानात जाते.

बायोप्सीत सीआयएन १ आलं, म्हणजे सगळ्यात हलका बदल, कॅन्सर नाही. मी विचारलं जाळायचं का, कापायचं का, पिशवी काढायची का. मॅडम हसल्या. सीआयएन २ किंवा ३ असतं तर तेवढा भाग काढावा लागला असता, तो पण बहुतेक वेळा पिशवी न काढता. १ बहुतेकदा आपोआप जातो, वर्षानं परत टेस्ट, बस्स. औषध? औषध नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. आपल्याला गोळी दिल्याशिवाय बरं होतोय असं वाटतच नाही.

ते वर्ष कसं गेलं ते काही फार सांगण्यासारखं नाही. मधे पोरीला (ती १३ ची) एचपीव्हीची लस दिली, पंधराच्या आत असल्यामुळं दोनच डोस. पुण्याच्या सीरमची आपली लस पण आहे आता. लस घेतली तरी तिला ३० नंतर ही तपासणी करावीच लागणार, कारण लसीत सगळे प्रकार येत नाहीत. पोरगी म्हणाली, "३० ला अजून किती वर्षं आहेत, आत्ता इंजेक्शन दुखतंय त्याचं बोल."

या फेब्रुवारीत परत सॅम्पल दिलं. यावेळी तारीख दोनदा मोजली. एचपीव्ही १६ नॉट डिटेक्टेड. एवढ्यावर पिच्छा सुटला असं नाही, अजून एकदा वर्षानं करायची, ती पण चांगली आली की मग तीन वर्षांनी. चादरींच्या घडीतला जुना रिपोर्ट काढून दोन्ही फाइलला लावले.

अक्का आता टेस्टला तयार झाल्यात, त्यांचं वय ४८. बहीण गेली गेल्या दिवाळीनंतर. मी मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली होती तर म्हणाल्या मंगळवारी पाणी येणारय, घर सोडून कसं येऊ. बुधवारी साडेअकराला जायचंय, दोघी माझ्या स्कूटीवर.