घरामागचा माळ: मार्च ते मृगापर्यंतची नोंद

हिवाळी पाहुणे पक्षी गेले, तिथपर्यंत मागच्या नोंदीत आलो होतो. भोवत्ये (माळावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी) मार्चअखेर विरळ झाले. भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) शेवटचे थवे एप्रिलच्या सुरुवातीला काटेसावरीवर दिसले, मग तेही उत्तरेकडे मध्य आशियाच्या वाटेला लागले. आपल्या पक्षी बघणाऱ्यांतले बरेच जण इथेच दुर्बीण कपाटात ठेवतात आणि पुढचं बघणं थेट ऑक्टोबरमध्ये सुरू करतात. माळाशेजारी राहणाऱ्याने तरी हे करू नये, असं माझं ठाम मत आहे. माळाचे स्वतःचे पक्षी नेमके याच दिवसांत घरटी करतात आणि त्यांना बघायला लांबून कोणी येत नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या कुंपणापलीकडे वनखात्याची जमीन लागते: मुरमाड उतार, कुसळी आणि पवन्याचं गवत, मध्ये एक वनतळं, तुरळक बाभळी. सकाळी चालणारे, संध्याकाळी पळणारे, मेंढरं चारणारे आणि माझ्यासारखे पक्षी बघणारे असे सगळेच ती वापरतात. माझी वाट ठरलेली आहे. कुंपणाच्या खिंडारातून निघायचं, उताराच्या वरच्या कडेने तळ्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ) दरवेळी पूर्ण यादी करते, म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, साळुंकीसुद्धा, संख्येसह लिहिते. वेळ आणि अंतरही टाकते. असं केलं की न दिसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. ‘आज डोंबारी चंडोल नाही’ ही नोंद तेव्हाच खरी, जेव्हा वाट तीच, वेळ तीच आणि यादी पूर्ण असते. दुर्मीळ पक्ष्यामागे गाडी काढून जाणाऱ्याला हे जमत नाही. आपल्याला ते फुकट मिळालंय.

या हंगामातली सगळ्यात मोठी प्रगती कानाची. डोंबाऱ्याचा, म्हणजे माळावरच्या या छोट्या चंडोलाचा, नर हवेत चढतो, पंख मिटून सूर मारतो, जमिनीजवळ येताच पुन्हा वर उसळतो आणि सूर मारताना एक लांब शीळ घालतो. मागच्या वर्षी मी ती शीळ ऐकून मग आकाशात शोधत बसायचे. आता तिच्यावरून नर कुठल्या तुकड्यावर हक्क सांगतोय, हे कागदावर मांडता येतं. तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथे गवत आखूड आहे आणि मुरूम उघडा आहे, तिथे नर दाटीने आहेत. बाभळींच्या जवळ एकही नाही.

आता माळटिटवीबद्दल, कारण या वेळी खरं लिहायचंय ते तिच्याबद्दलच.

मार्चच्या शेवटी वरच्या कडेने जाताना मेंढरांमागून हाक आली, “ताई, तिकडनं नका येऊ, अंडी हायत!” मी जिथे पाय टाकणार होते त्याच्या बरंच अलीकडे थांबले. दुर्बिणीतून बघितलं तरी काही दिसेना. मग दोन खड्यांमधला तिसरा खडा जरा जास्त गोल आहे, हे लक्षात आलं. मातकट रंगावर काळपट ठिपके, टोकं आत वळलेली, चार अंडी. घरटं म्हणजे एक उथळ खळगा आणि त्याच्या कडेला वेचून ठेवलेले मातीचे बारके ढेकळे, एवढंच. मेंढपाळदादांनी सगळा कळप तिथून वळवून नेला. त्यांना अशी आणखी दोन ठिकाणं माहीत होती. माळावरच्या घरट्यांची माहिती हवी असेल तर आधी त्यांच्याशी बोलावं, अगदी मनापासून सांगते.

तेव्हापासून मी लांबच्या बांधावर बसून दुर्बिणीतून बघते. दुपारी बारानंतर मादी (की नर, दोघं सारखेच दिसतात) अंड्यांवर बसत नाही, उभी राहते. पंख किंचित सोडून स्वतःची सावली अंड्यांवर धरते. चोच उघडी, गळा धडधडतोय. थोड्या वेळाने जोडीदार तळ्याकडून येतो. पोटाची पिसं ओली, चिकटलेली. तो जवळ येतो, ती बाजूला होते आणि तो ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. पाणी वाहून आणून अंडी गार करण्याची ही माळटिटवीची पद्धत वाचून माहीत होती. समोर बघितल्यावर मात्र तळं आणि घरटं यांच्यातलं अंतर मला वेगळंच दिसायला लागलं. तळ्याच्या काठावर दुपारी चार माणसं गप्पा मारत बसली, एखादं कुत्रं पाण्यात उतरलं, तर टिटवी काठावर उतरत नाही. ती घिरट्या घालत ओरडते आणि तिकडे अंड्यांवर ऊन पडत राहतं. घरट्याच्या जवळही न जाता आपण घरटं वाया घालवू शकतो.

अंडी उबायला साधारण 27 ते 30 दिवस लागतात, म्हणजे ऐन उन्हाचा जवळजवळ महिना. म्हणून मी वाट बदलली. मार्च ते जून तळ्यावर फक्त सकाळी लवकर जाते, दुपारी नाही आणि वरच्या कडेऐवजी मळलेल्या खालच्या वाटेनेच. ईबर्डवर त्यामुळे मार्गात तुटकपणा आला, म्हणून दोन्ही वाटांच्या याद्या वेगळ्या ठेवल्यात. सोसायटीतल्या पळणाऱ्यांना घरट्याची जागा न सांगता एवढंच सांगितलं, की उन्हाळाभर पायवाट सोडू नका आणि कुत्रं पट्ट्याला बांधा. बहुतेकांनी ऐकलं. एक आजोबा तर आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्वतःच सांगतात.

ज्यांना हे जास्तच वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये ‘शिकार’ या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणं येतंच, पण अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. फोटोसाठी घरट्यापाशी जाऊन बसणं, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणं, हे विणीच्या हंगामात आपण तरी करू नये. घरट्याचं नेमकं ठिकाण कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. धाविक पक्ष्यांची जोडी एकदा दिसली. थोडं पळायचं, थबकायचं, वाकून टिपायचं, असं त्यांचं चाललं होतं. ती नोंदही मी पिल्लं पळती झाल्यावरच टाकणार आहे.

वणवा या वर्षी आमच्या बाजूला आला नाही. वनरक्षकांनी फेब्रुवारीतच जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढल्या होत्या. पलीकडच्या उतारावर मात्र एका रात्रीत गवत गेलं. जळालेल्या जागी दुसऱ्या दिवशी कोतवाल आणि बगळे जमले होते, किडे टिपायला. त्यांची संख्या बघून कोणी ‘वणव्याने पक्षी वाढले’ असा निष्कर्ष काढू नये. जमिनीवर अंडी असणाऱ्यांची गणती त्यात होत नाही.

आता झाडांचा विषय. दरवर्षी जूनमध्ये कुठली ना कुठली संस्था रोपं घेऊन माळावर येते. हेतू चांगला असतो. पण गवताळ माळ म्हणजे झाडं नसलेलं, बिघडलेलं जंगल नव्हे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेलं गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडियाचं) झाड कितीतरी टेकड्यांवर लावलं गेलं. त्याखाली सावली धरली की कुसळी, मारवेल ही गवतं मागे हटतात आणि माझ्या कागदावर बाभळींजवळ जी रिकामी जागा दिसते, तशी डोंबाऱ्यांची रिकामी जागा पसरत जाते. भाषण देण्यापेक्षा नकाशा दाखवावा, म्हणून मी चंडोलांच्या हक्काच्या जागा आणि हंगामातल्या याद्या छापून वनपालांना दिल्या. त्यांनी कागद ठेवून घेतला, एके सकाळी स्वतः येऊन वरची कड चालून बघितली आणि रोपं तळ्याखालच्या नाल्याच्या काठाने लावता येतील का, असं विचारलं. नाल्याकाठी करंज, उंबर सहज होतील, असं मी सांगितलं. निर्णय अजून व्हायचाय.

टिटवीची पिल्लं एप्रिलच्या शेवटी निघाली. निघाल्या निघाल्या ती पळायला लागली. घार वरून गेली की जागच्या जागी मान टेकवून बसतात आणि मग दुर्बिणीतूनही सापडत नाहीत. चारपैकी किती वाचली ते सांगू शकत नाही, मेअखेर मोठी होत आलेली दोन दिसत होती.

पुढे: पहिल्या पावसानंतर रातव्यांची (रात्री हिंडणाऱ्या पक्ष्यांची) संध्याकाळची मोजणी, फक्त आवाजावर, खालच्या वाटेवरच्या तीन ठरलेल्या जागांवरून. प्रत्येक जागी सारखाच वेळ उभं राहायचं, टॉर्च बंद. ज्यांच्या घरामागे असा माळ आहे त्यांनी आपापल्या तीन जागा आत्ताच ठरवून ठेवा. गवत वाढलं की वाटा कळत नाहीत.