सांगलीतून पुण्यात जॉब बदलताना आलेला इंटरव्ह्यूचा अनुभव

मी सांगलीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो, मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचं बिलिंग बघायचो. हळदीचे सौदे सुरू झाले की दिवाणजींचा फोन ठरलेला, "साहेब, पट्टीत पैशाचा फरक पडतोय बघा." पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीच्या हिशोबाचा कागद. मग बसायचं लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरनं केलेल्या कामाच्या नोंदी, चाळत. एकदा असंच शोधता शोधता सापडलं की आधीच्या कुणीतरी रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात ठेवल्यात, आणि फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ येतं. तोलाई, हमाली एकेक वजा होत गेली की तो बारीक फरक साठत जातो आणि राउंडिंगला एखादा पैसा इकडचा तिकडं होतो. रकमा डेसिमलमध्ये, म्हणजे पैसा न पैसा अचूक ठेवणाऱ्या प्रकारात घेणं सोपं होतं हो, पण दुकान चालू असताना, शेतकऱ्यांच्या हातात गेलेल्या जुन्या पट्ट्यांना धक्का न लावता ते करायचं, त्यातच सगळा वेळ गेला.

पुण्यात इंटरव्ह्यू द्यायला लागलो तर यातलं कुणी काही विचारेचना. आधी ऑनलाइन टेस्ट, कॅमेरा चालू, टॅब बदलला की वॉर्निंग. त्यातून पुढं गेलं की डीएसए, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्सचा (माहिती रचायच्या आणि शोधायच्या पद्धतींचा) राउंड, बायनरी ट्री उलटा करा, लिंक्ड लिस्टमधली सायकल शोधा, ४५ मिनिटं आणि समोरचा एकटक बघत बसलेला. दिवसभर काम करून रात्री लीटकोड या वेबसाइटवर असल्याच प्रश्नांचा सराव, आई विचारायची नोकरी असताना परत परीक्षा कसली रे.

डीएसए फालतू आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. लाखभर बिलं आणि लाखभर जमा नोंदी लूपमध्ये लूप घालून जुळवल्या तर हजार कोटी तुलना होतात, तिथं हवी ती नोंद थेट शोधून देणारा हॅशमॅपच लागतो, आणि हे ज्याला कळत नाही त्याच्या कोडचा त्रास दुकानदाराला होतो. पण एकट्यानं, नेट न बघता, कुणाला न विचारता कोरा कोड लिहायची वेळ कामात कितीदा येते? आमचा बराचसा वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यात जातो. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी मुलाखत घेणाऱ्यासमोर बोर्डवर प्रश्न सोडवला, काहींनी खोलीत एकट्यानं, तर नुसतं कुणी बघत असल्यानं कामगिरी निम्म्याहून खाली आली. हे वाचून मला लई धीर आला.

शेवटी जिथं लागलो तिथला राउंड वेगळाच होता. एक जुना प्रोजेक्ट दिला, त्यातली कोड तपासणारी एक टेस्ट फेल होत होती, नेट वापरा म्हणाले, शेजारी टीममधलीच एक मॅडम बसलेली. मी आधी विचारलं की हा रिपोर्ट नक्की कोण वापरतं, तर त्या खूश झाल्या, आणि तारखेच्या टाइमझोनचा घोळ दोघांनी मिळून शोधला.

आता मीही पॅनेलवर बसतो. अर्ज ढिगानं येतात, प्रत्येकाशेजारी दोन तास बसणं जमत नाही, त्यामुळं ऑनलाइन टेस्ट आमच्याकडंही आहे. पण ती सोपी ठेवलीय आणि त्यानंतर बिघडलेला प्रोजेक्टच देतो. लहान गावातल्या कंपनीतून आलेली पोरं त्यात कोड उघडायच्या आधी प्रश्न विचारतात, मी ते लिहून घेतो आणि सिलेक्शनच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतो.