कॉटन बेल्टचा डबा आणि आपली शकुंतला

अमेरिकेत कापसाच्या नावाने ओळखली जाणारी एक रेल्वे होती. कागदोपत्री तिचं नाव सेंट लुइस साउथवेस्टर्न, पण लोक तिला ‘कॉटन बेल्ट’ म्हणत, आणि तिच्या मालडब्यांवरही तेच नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असे. मी राहतो त्या आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकहून तिच्या जुन्या वर्कशॉपचं गाव, पाइन ब्लफ, गाडीने तासाभराच्या आत येतं. दारव्ह्याजवळच्या गावात पऱ्हाटीच्या शेतांत वाढलेला माणूस इथे येऊन मालडब्यांची मॉडेलं जमवायला लागला, आणि त्याने पहिला डबा घेतला तो कॉटन बेल्टचाच.

गावाकडून फोन आला की दादा हमखास विचारतो, “काहून रे, अजून डबेच जमवून राह्यला काय? इंजिन नाही घेत?” राजेहो, इंजिनंही आहेत माझ्याकडे. पण इंजिन काहीही ओढतं. त्या मुलखात काय पिकतं, काय खणलं जातं आणि ते कुठे जातं, हे डबा सांगतो. आमचे आबाजी जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्यात, गठाणी उचलायचे. ते म्हणायचे, “रिकामे डबे आले का समजाचं, उद्या काम हाय.” ही नजर मला त्यांच्याकडूनच मिळाली असं मी मानतो.

इथे सर्वांत जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या 87वा हिस्सा. चाळीस फुटी बॉक्सकार, म्हणजे चारी बाजूंनी बंद मालडबा, या मापात साधारण चौदा सेंटिमीटरचा होतो. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. डबा हलका पडला तर वळणावर रुळावरून उतरतो, म्हणून इथल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने वजनाचाही हिशोब घालून दिलाय: मूळ एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. सहा इंची डबा चार औंसांचा. कमी भरला तर आतल्या बाजूने लोखंडी पट्टी चिकटवायची.

जुन्या वस्तूंच्या बाजारात अ‍ॅथर्न कंपनीच्या निळ्या खोक्यांतले सुटे भाग अजून मिळतात. ते जोडताना खरी मजा डब्यावरची बारीक अक्षरं वाचण्यात असते. डाव्या बाजूला मालकाची खूण आणि नंबर. कॉटन बेल्टची खूण एसएसडब्ल्यू. खुणेच्या शेवटी एक्स असेल तर डबा रेल्वेचा नाही, खासगी मालकाचा. त्याखाली किती माल भरायचा आणि रिकाम्या डब्याचं वजन किती. शिवाय डबा कधी बांधला त्याचा महिना आणि वर्ष. छपराकडेही बघावं लागतं. पूर्वी छपरावरून चालायला फळ्यांची वाट असे, कारण ब्रेकमन चालत्या गाडीच्या टपावरून या डब्यावरून त्या डब्यावर जाऊन हातब्रेक फिरवत. किती माणसं त्यात मेली आणि लुळी झाली, याचा विचार केला की ते मॉडेल हातात धरवत नाही. 1893 साली अमेरिकन काँग्रेसने डबे आपोआप जोडणारे कपलर आणि हवेचे ब्रेक सक्तीचे केले ते यासाठीच. छपरावरची वाट मात्र बरीच पुढे टिकली. नव्या डब्यांवरून ती 1966 पासून जायला लागली.

तुम्हीही हे करू शकता. वणी, घुग्गुस, माजरीकडच्या फाटकावर थांबलात की समोरून कोळशाची गाडी जाते. वरून उघडे, उंच भिंतींचे डबे म्हणजे बॉक्सएन. वीज केंद्रावर तळाची दारं उघडून कोळसा खाली सोडणारे बीओबीआरएन. धान्याच्या आणि खताच्या पोत्यांचे बंद डबे बीसीएन. प्रत्येकावर अकरा आकडी नंबर असतो: पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडे त्या डब्याचे स्वतःचे, आणि शेवटचा आकडा ताळा तपासायला. शाळेतल्या पोरांना फाटकावर नेऊन एवढं शिकवलं तरी त्यांना मालगाडी वेगळी दिसेल. इथे अमेरिकेत धान्य पोत्यांत भरतच नाहीत. वरून बंद हॉपर डब्यात ते सुटंच ओततात आणि खालून काढतात. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून डब्यात चढणारा हमाल या चित्रात कुठेच नाही.

कापसाचं मात्र आपल्यासारखंच होतं. इथेही जिनातून निघालेली गठाण सैल असे. रेल्वेच्या गावी मोठे दाबकारखाने असत, तिथे ती पुन्हा दाबून लहान केली की एका बॉक्सकारमध्ये जास्त गठाणी बसत. इथली गठाण 480 पौंडांची, म्हणजे जवळपास 218 किलोची. आपली 170 किलोची. आबाजींच्या खांद्याला हा फरक लगेच कळला असता.

आणि या दोन मुलखांचं नातं तर त्याहून जुनं आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1867 मध्ये जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, नागपूरला पोचली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची शाखा सुरू झाली. पाइन ब्लफच्या परिसरातली कपाशीची शेतं बघताना मला दर वेळी हे आठवतं: इथला कापूस अडला म्हणून आपल्याकडे रूळ लवकर आले.

त्याच साखळीतली पुढची कडी म्हणजे शकुंतला, आपली अरुंद रुळांची छोटी रेल्वे. किलिक निक्सन कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेने बांधलेली, अडीच फुटी रुळांची. मूर्तिजापूरहून एक फाटा दारव्ह्यावरून यवतमाळला, दुसरा अचलपूरला. मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फुटी, त्यामुळे यवतमाळच्या गठाणी मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या डब्यांत चढवाव्या लागत. मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 च्या एप्रिलपर्यंत राबलं. मग डिझेल आलं, आणि आता गाडीच बंद आहे.

इंजिनाचे आणि प्रवासी डब्यांचे फोटो पुष्कळ आहेत. पण ज्या डब्यांसाठी ही रेल्वे बांधली, त्या कापसाच्या मालडब्यांचं काय? इथे पाइन ब्लफला, कॉटन बेल्टच्याच जुन्या वर्कशॉपच्या जागेत, आर्कान्सा रेलरोड म्युझियम आहे. तिथे 1943 मध्ये त्याच गावात तयार झालेलं 819 नंबरचं इंजिन ठेवलंय. कॉटन बेल्ट पुढे सदर्न पॅसिफिकमध्ये आणि 1996 मध्ये युनियन पॅसिफिकमध्ये मिसळून गेली, पण तिच्या डब्याचं मॉडेल मी आज ठरवलं तर आज विकत घेऊ शकतो. का, तर कोणीतरी वेळेवर मापं घेतली, रंग नोंदवला, अक्षरांची उंची लिहून ठेवली. आपल्याकडे शकुंतला ब्रॉडगेज व्हावी ही मागणी रास्तच आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गही दारव्ह्यावरूनच जाणार, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण जुनं लोखंड एकदा भंगारात गेलं की माप कशाचं घेणार?

मला शकुंतलेचा मालडबा बांधायचा आहे. हिशोब सोपा आहे: अडीच फुटी रूळ 87ने भागले की पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. बाकी सगळं तुमच्या हातात आहे. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, अंजनगाव, अचलपूर, कुठेही अरुंद रुळांचा जुना मालडबा किंवा नुसता सांगाडा उभा दिसला, तर स्टेशनवर विचारून त्याच्याजवळ जा. अगदी समोरून, काटकोनात फोटो घ्या आणि शेजारी मीटरची पट्टी उभी धरा. चाकं किती, त्यांच्यातलं अंतर किती, दार सरकतं की उघडतं, छप्पर गोल की उतरतं, हे बघा. रंगाचे पोपडे निघाले असतील तिथे खालच्या थराचाही फोटो घ्या. आणि घरात कोणी म्हातारा माणूस जिनात किंवा मालधक्क्यावर राबलेला असेल, तर त्याला विचारा की एका डब्यात गठाणी किती बसायच्या, उभ्या लावायचे की आडव्या. मला फोटो पाठवताना स्टेशनचं नाव आणि तारीख तेवढी लिहा.