सक्ती कोणावर?

गेल्या एप्रिलमध्ये एका सरकारी कचेरीतल्या खिडकीसमोर मी पावणेदोन तास उभी होते. काम माझे नव्हते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बेनना मुलाच्या पहिलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. इथे वडोदऱ्यात मराठी घरांतसुद्धा त्याला सगळे आवकीचा दाखलाच म्हणतात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे खासगी शाळांच्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. त्यासाठीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला हा दाखला जोडायचा असतो. बेन त्याआधी दोनदा एकट्या जाऊन आल्या होत्या. पहिल्यांदा "साहेब मीटिंगमध्ये आहेत" आणि दुसऱ्यांदा "लाइट बिल जुने आहे" एवढे ऐकून त्या परतल्या होत्या. तिसऱ्या वेळी त्या मला म्हणाल्या, "काकी, तुम्ही काही बोलू नका, नुसत्या शेजारी उभ्या राहा. तुम्ही असलात की ते लोक नीट बोलतात."

मी शेजारी उभी राहिले आणि खरोखरच ते लोक नीट बोलले. ती खिडकी इतकी खाली होती की आतल्या माणसाशी बोलायचे तर कमरेत वाकावेच लागे. रांगेतला प्रत्येक जण आपली पाळी आली की आपोआप वाकत होता आणि वाकल्यावर त्याचा आवाजही उतरत होता. बेननी तेच लाइट बिल, तेच रेशनकार्ड, तेच फोटो पुढे केले. आतल्या गृहस्थांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि अर्ज घेतला. मी एक शब्दही बोलले नव्हते. घरी येताना बेन आनंदात होत्या, माझे आभार मानत होत्या, आणि मला मात्र ते आभार सोसवत नव्हते, कारण जे कायद्याने त्यांचे होते ते माझ्या नुसत्या उपस्थितीने त्यांना मिळाले होते.

सरकारने कोणत्या सेवा स्वतः द्याव्यात आणि कोणत्या बाजारावर सोडाव्यात, याची चर्चा नेहमी चालते. ती चर्चा आवश्यकच आहे. पण त्या खिडकीसमोरून आल्यापासून मला त्याच्याही आधीचा एक प्रश्न सोडत नाही. सरकार सेवा देते तेव्हा ते उपकार करत असते की स्वतःवर घेतलेले बंधन पाळत असते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले नाही, कारण ते आमच्याच गावाच्या इतिहासात आहे.

माझ्या आजीचे माहेर इथल्याच वाडी भागातले. तिचे वडील गायकवाड सरकारच्या पागेत नोकरीला होते आणि मुलीला शाळेत घालण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. आजी सात वर्षांची झाली आणि शिक्षणखात्याचा माणूस दारात आला. मुलगी शाळेत का नाही, याचे कारण द्या, नाही तर दंड भरा, असे त्याने सांगितले. पणजोबा संतापले, चार दिवस कोणाशी बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी मुलीचे बोट धरून शाळेत गेले. आजी हा प्रसंग म्हातारपणीही रंगवून सांगत असे, आणि शेवटी प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणत असे, "दंडाच्या भीतीने का होईना, पण मला अक्षर आले."

सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो कायदा संपूर्ण बडोदे संस्थानाला लागू केला. मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. या कायद्याची गोष्ट सांगताना आपण बहुधा पालकांवरच्या दंडापाशी थांबतो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ज्या गावात शाळा नाही त्या गावातल्या बापाला दंड करता येत नाही. म्हणजे पणजोबांवर सक्ती करण्यापूर्वी राज्याला स्वतःवर सक्ती करावी लागली : शाळा उघडणे, शिक्षक तयार करणे, फी माफ करणे, आणि हे सगळे विखुरलेल्या मुलखात, कारण बडोदे संस्थानाचा नकाशा सलग नव्हता, अमरेली काठेवाडात आणि नवसारी दक्षिणेला.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी याच बडोद्याचा दाखला देत सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात मांडला. १९१० मध्ये त्यांनी ठराव आणला, १९११ मध्ये विधेयक आणले, आणि १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. त्यानंतर देशाला जवळजवळ एक शतक वाट पाहावी लागली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्या कायद्याच्या आठव्या कलमात 'सक्तीचे शिक्षण' या शब्दांचा अर्थ दिला आहे, आणि तो वाचून मला आजीची आठवण झाली. सक्तीचे शिक्षण म्हणजे शिक्षण मोफत पुरवण्याचे आणि प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी व पूर्तता होईल हे पाहण्याचे सरकारवरचे बंधन, असे ते कलम सांगते. बडोद्याच्या कायद्यात जे गृहीत होते ते इथे स्पष्ट लिहिले गेले. मग बेन ज्या खिडकीसमोर वाकून उभ्या होत्या, त्या खिडकीत खरे तर बांधलेला माणूस आतला होता.

सगळेच सरकारने करावे असे मात्र मी म्हणणार नाही, आणि बडोद्यानेही तसे केले नव्हते. ग्रंथालयांचे उदाहरण घ्यावे. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. त्यांच्या देखरेखीखाली मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि गावोगावच्या ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. गावात ग्रंथालय काढायचे तर लोकांनी वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. ज्या गावाला एवढेही जमत नसे तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात आणि पेटीच्या वाहतुकीचा खर्च सरकारी खात्यातून दिला जाई. या व्यवस्थेचा मी जितका विचार करते तितकी ती मला शहाणपणाची वाटते. लोकांचा पैसा असल्यामुळे ग्रंथालय लोकांचे राहत होते, आणि सरकारचा पैसा असल्यामुळे गावातल्या एखाद्या धनिकाच्या मर्जीवर ते चालत नव्हते. दोन्हींपैकी एक काढून घेतले असते तर एक तर सरकारी कुलूप लागले असते, नाही तर सावकाराचे.

बाबा मला शाळकरी वयात मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेत असत. पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, उजेड वरून खाली झिरपावा म्हणून. लोखंडी मांडण्यांमधून चालताना पायाखालच्या मजल्यावर कोणी हलले की त्याची सावली काचेतून दिसत असे. मी घाबरून टाचांवर चालत असे आणि बाबा हळू आवाजात सांगत, "ही काच फुटायची नाही, नीट चाल." त्यांचा पगार बेताचा होता आणि घरात पुस्तकांचे कपाट नव्हते, परंतु लाखो रुपयांच्या ग्रंथसंग्रहावर आपला हक्क आहे, या समजुतीतच मी मोठी झाले.

पाण्याची गोष्ट तशीच. १८९० च्या दशकात आजव्याचे धरण झाले आणि वीसेक किलोमीटरवरचे पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने, शहरात आले. त्याआधी विहिरी आणि तलाव हाच आधार होता. गरिबांच्या गल्लीबोळांत नळ टाकून नफा होत नाही, म्हणून ते काम कोणताही व्यापारी आपणहून करणार नव्हता. आणि एकाच रस्त्याखालून दोन कंपन्यांनी दोन नळ टाकून स्पर्धा करावी, हेही शक्य नाही. अशा कामात सरकारला पर्याय नसतो. शहराच्या पूर्व भागाला आजही आजवा-निमेट्याचे पाणी मिळते, बाकीचे बरेचसे मही नदीकाठच्या फ्रेंच विहिरींतून, म्हणजे नदीच्या वाळूतून पाणी घेणाऱ्या विहिरींतून, येते.

पण बांधणे आणि सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीचे उद्घाटन होत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे कोणीही भेटले तरी पहिला प्रश्न असतो, "आजवा किती फुटांवर? काळाघोड्याला किती?" काळाघोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली, शहराचा मोठा भाग पाण्यात बुडाला आणि मगरी लोकांच्या अंगणात आल्या. नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, वर्षानुवर्षे भराव आणि बांधकामे होत राहिली, आणि पाण्याने आपली जागा दुसरीकडे शोधली. महीवरचा गंभीरा पूल १९८५ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि ९ जुलै २०२५ रोजी चालू वाहनांसह कोसळला. आजव्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, त्या पुलाला चाळीस झाली होती.

ठेका देण्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण ती आता सर्वत्र रूढ झालेली वाट आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका गेल्या. तलाव सार्वजनिक होता, बोटी ठेकेदाराच्या होत्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. मी ठेका देण्याच्या विरोधात नाही. काम कोणाकडून करून घ्यावे हा सोयीचा प्रश्न आहे. परंतु मुलांना बोटीत बसवताना कोणी मोजणारे तिथे उभे हवे होते, आणि त्या उभ्या राहण्याचा ठेका कोणालाही देता येत नाही.

या सगळ्यात मला एका बागेची आठवण पुन्हा पुन्हा येते. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि करारानुसार १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी परत आले. राज्याने त्यांना शिक्षण दिले होते, पद दिले होते. शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवस संपले, लाठ्या घेतलेला जमाव दारात आला, आणि मुंबईची गाडी रात्री असल्यामुळे मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. कमाटीबाग म्हणजे सयाजीबाग, १८७९ पासूनची सार्वजनिक बाग. या प्रसंगात संस्थानाचे अपयश आहे, ते झाकण्याची मला इच्छा नाही. महाराजांचा हुकूम कारकुनाच्या मनापर्यंत पोचला नव्हता. संस्थानात अंत्यजांसाठी, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांसाठी, काढलेल्या शाळांना सवर्ण शिक्षक मिळत नसत, तीच कथा इथेही. पण त्या दिवशी साऱ्या शहरात एकच जागा अशी होती की जिथे बसणाऱ्याला त्याची जात विचारणारा दारवान नव्हता, आणि ती जागा सार्वजनिक होती. मी त्या बागेत फिरायला जाते तेव्हा हे माझ्या मनातून जात नाही.

महाराज कितीही दूरदृष्टीचे असले तरी ते महाराज होते; त्यांना जाब विचारण्याची सोय माझ्या पणजोबांना नव्हती. आपल्याला आहे. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, आणि गुजरातमध्ये २०१३ पासून लोकसेवा हक्काचा कायदाही आहे, ज्यात ठरावीक सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. या सगळ्याची सुरुवात एका लहानशा कागदापासून होते. अर्ज दिला की त्याची तारीखवार पावती मिळाली पाहिजे. पावती नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे कोण सांगणार? त्या दिवशी खिडकीसमोर अर्ज घेतला गेल्याच्या आनंदात बेननी पावती मागितली नव्हती, आणि मलाही सुचले नव्हते. पुढे प्रवेश झाला, पण रेशनकार्डात मुलाचे नाव घालण्याचे काम तसेच राहिले होते.

त्या कामाला मी गेले नाही. जाऊ का, असे मी विचारले होते, त्या म्हणाल्या, "आता मी जाऊन येते." मी त्यांना फक्त एवढेच सांगितले की काहीही झाले तरी पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. दुपारी उशिरा त्या आल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि पदराच्या गाठीत बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडून त्यातून घडी केलेला कागद काढला. तीन वेळा मागावी लागली, असे म्हणाल्या. मी चष्मा शोधू लागले, तोवर त्यांनीच कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि अडखळत, बोट फिरवत, त्यावरचा नंबर आणि तारीख मला वाचून दाखवली.