सागावरचा काळा रंग : आमची वाटचाल

आमच्या कामाची सुरुवात जुन्या नाशकातल्या वाड्यांपासून झाली. वडील सुतार. पंचवटी, सोमवार पेठ भागातली सागवानी दारं, कोरीव खांब, शिसवी देव्हारे दुरुस्त करायचे. वाडे पडून इमारती आल्या, ते काम आटलं. मग सातपूरला शेड घेऊन आम्ही नव्या फर्निचरकडे वळलो.

गिऱ्हाईक लॅमिनेटचा कॅटलॉग उघडून ‘एबनीचं टेबल करा’ म्हणू लागलं, तेव्हापासून आमची खरी ओळख घडत गेली. कॅटलॉगमधली एबनी हा छापलेला काळा रंग. लाकडातली एबनी म्हणजे आबनूस, टेंभुर्णीच्या कुळातलं झाड. सिन्नरच्या विड्या ज्या पानात वळतात ती टेंभुर्णी यांतलीच. तिच्या जून झाडाचा गाभाही काळा निघतो. नावाजलेला आबनूस श्रीलंका आणि दक्षिण भारतातला. पाण्याची घनता १ धरली तर सागाची ०.६५ च्या आसपास, आबनूसाची १ च्या वर, त्यामुळे पाण्यात टाकला की बुडतो. झाड फार सावकाश वाढतं आणि बाहेरचं लाकूड फिकटच असतं. म्हणून तो व्हायोलिनच्या खुंट्या, बुद्धिबळाची प्यादी अशा लहान वस्तूंत दिसतो. मादागास्करचा आबनूस तर २०१३ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही. एवढं सगळं आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि बिलावर ‘सागवान, काळं फिनिश’ असंच लिहितो. काळ्या रंगाच्या लाकडाला आबनूस म्हणून विकणं आम्हाला पटत नाही.

काळा रंग मात्र आम्ही मन लावून करतो. घासून गुळगुळीत केलेल्या सागावर आधी हिरड्याचा काढा मारायचा. तो मुरून सुकला की हिराकसाचं, म्हणजे लोहाच्या क्षाराचं पाणी. हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि हिराकसातलं लोह भेटलं की लाकूड डोळ्यांदेखत निळसर काळं पडत जातं. जुनी शाई याच जोडीवर बनायची. मग स्वच्छ पाण्याने पुसून, पूर्ण सुकवून चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. पावसाळ्यात सुकायला फार वेळ लागतो, तेव्हा आम्ही तारखा लांबच्या देतो. घाई केली की पॉलिश पांढरं पडतं. रंगाच्या डब्यातला काळा सागाची नक्षी झाकून टाकतो. या काळ्यात ती उजेडात तिरकं पाहिलं की दिसते, आणि मला तेवढ्यासाठीच हे काम प्रिय आहे.

काळं सामान घरात नको म्हणणारे पूर्वी बरेच भेटत. त्यांना आम्ही काळारामाची आठवण करून देतो. आपल्या गावातला रामच काळा, देऊळही काळ्या दगडाचं. काहींना पटतं.

सध्या बाभळीवर प्रयोग चालू आहे. तिच्यात टॅनिन मुळातच असल्याने काढा कमी लागेल असा अंदाज आहे. पाट आणि चौरंग आधी करून बघतोय.